ऐक्य आणि त्याच्या अटी

(अंबरनाथ येथील बुवापाड्यात कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘वसाहत’ हा शब्द अंबरनाथमध्ये उच्चारला म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आयुध निर्माणीची वसाहत येते, औद्योगिक वसाहत येते, किंवा शेजारचे उल्हासनगर येते. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे उतरली आणि १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. राज्यशास्त्रात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. दूरच्या सत्तेने जिंकलेला, तिच्या तिजोरीसाठी आणि तिच्या हुकमाने चालणारा मुलूख म्हणजे वसाहत. असे वेगवेगळे मुलूख स्वतंत्र होताना, किंवा झाल्यावर, एका देशात एकत्र का येतात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. तो परदेशाच्या इतिहासातला म्हणून बाजूला ठेवण्याजोगा नाही. अंबरनाथहून उत्तरेस शे-सव्वाशे मैलांच्या आत दादरा आणि नगर हवेली आहे आणि कोकणच्या दक्षिण टोकाला लागून गोवा आहे. दोन्ही मुलूख पोर्तुगालच्या वसाहती होते. दोघेही भारतात आले. परंतु त्यांच्या येण्याच्या तऱ्हा भिन्न आहेत, आणि त्या भिन्नतेतच प्रश्नाचे उत्तर दडले आहे.

नेहमीचे उत्तर असे दिले जाते की भाषा एक, रक्त एक, संस्कृती एक, म्हणून माणसे एकत्र येतात. सभेत हे उत्तर टाळ्या मिळवते. पण मग इंग्रजी बोलणाऱ्या, एकाच राणीच्या प्रजाजन असलेल्या ऑस्ट्रेलियातील सहा वसाहती अर्धशतक एकमेकींच्या मालावर जकात का बसवीत होत्या? व्हिक्टोरिया ही संरक्षक जकातीची, न्यू साउथ वेल्स ही खुल्या व्यापाराची. दोहोंमध्ये मरे नदी, आणि त्या नदीकाठी चक्क जकातनाकी. या वसाहती १ जानेवारी १९०१ रोजी एक देश झाल्या, त्यापूर्वी त्यांच्या प्रतिनिधींनी दहा वर्षे वाद घातला, आणि तो वाद बंधुभावावर नव्हता. धाकट्या टास्मानियाची तिजोरी जकातीवर चालत होती. ती केंद्राकडे गेल्यावर खर्च कोठून भागवायचा, असा तिचा सवाल होता. तेव्हा पहिली दहा वर्षे जकात आणि अबकारीच्या निव्वळ उत्पन्नाचा किमान तीनचतुर्थांश भाग घटक राज्यांना परत मिळेल, असे कलम राज्यघटनेत घालावे लागले. पश्चिम ऑस्ट्रेलियाला पाच वर्षे स्वतःची जकात उतरत्या दराने चालू ठेवण्याची सवलत द्यावी लागली. राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये असावी, पण सिडनीपासून शंभर मैलांच्या आत नसावी, हेही लिहून ठेवावे लागले. राज्यघटनेत मैल मोजलेले पाहून हसू येते खरे; तथापि मोठ्या भागीदारावर छोट्याचा किती विश्वास असतो, याचे ते अचूक माप आहे.

आणि तरीही या ऐक्याकडे समाजवाद्याने भाबडेपणाने पाहू नये. ज्यांना बाहेर ठेवायचे होते त्यांच्याविषयी हे भागीदार चटकन एकमत झाले. आशियाई माणसाला देशात येऊ न देण्याचा कायदा नव्या संसदेने पहिल्याच वर्षी केला. मूळ रहिवाशांना तर लोकसंख्येच्या मोजदादीतच धरायचे नाही, असे राज्यघटनेत लिहिले होते. ते कलम १९६७ साली सार्वमताने निघाले. ऐक्य कोणाचे आणि कोणाविरुद्ध, हा प्रश्न प्रत्येक ऐक्याला विचारावाच लागतो.

त्याहून बोधप्रद उदाहरण प्रिन्स एडवर्ड या कॅनडाच्या चिमुकल्या बेटाचे आहे. १७६७ साली या बेटाचे सदुसष्ट भाग पाडून लंडनमध्ये एका दिवसात चिठ्ठ्या टाकून ते धनिकांना आणि सरदारांना वाटण्यात आले. पुढे शंभर वर्षे बेटावरचा शेतकरी समुद्रापार बसलेल्या मालकाला खंड भरत राहिला. कॅनडाच्या एकीकरणाची पहिली परिषद १८६४ साली याच बेटाच्या राजधानीत भरली, आणि गंमत अशी की १८६७ मध्ये कॅनडा स्थापन झाला तेव्हा यजमान बेटच बाहेर राहिले! सहा वर्षांनी ते आत आले. मधल्या काळात बेटाने रेल्वे बांधायला काढली होती आणि कर्ज डोईजड झाले होते. कॅनडाने त्या कर्जाची सोय लावली, आगबोटीची हमी दिली आणि गैरहजर जमीनदारांच्या जमिनी विकत घेण्यासाठी आठ लाख डॉलर्सपर्यंतची तरतूद केली. १८७५ साली जमीनखरेदीचा कायदा झाला. १८६४ ते १८७३ या काळात बेटवासीयांचे देशप्रेम वाढले, असे मानण्यास आधार नाही. त्यांच्या कुळांच्या प्रश्नाला आणि कर्जाच्या प्रश्नाला ऐक्यात उत्तर दिसू लागले, एवढाच फरक पडला.

हा धागा हातात धरून आता घराजवळ यावे.

नगर हवेली पोर्तुगीजांकडे तलवारीने गेली नाही, वसुलाच्या हिशेबाने गेली. पेशव्यांनी १७७९ च्या तहान्वये पोर्तुगीजांना मैत्रीखातर वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे कबूल केले आणि त्यातून पुढच्या काही वर्षांत दादरा व नगर हवेली त्यांच्या हाती पडली. देणाऱ्याने महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असे पुढे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही म्हटले. परंतु गावांतल्या वारली, धोडिया, कोकणा माणसांना या भेदाचा उपयोग नव्हता. पावणेदोनशे वर्षे त्यांचा सरकार दमणला आणि दमणचा लिस्बनला. पोर्तुगीज सरकारने ‘अलवारा’ नावाच्या सनदेने मोठाल्या जमिनी बहुधा आदिवासी नसलेल्या मंडळींना तोडून दिल्या. आदिवासी त्याच जमिनीवर राबत राहिला. सीमेपलीकडे, तलासरी-उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात, १९४५ पासून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. त्याची झळ हद्दीच्या खुणेपाशी येऊन थांबली असेल, असे कोणी समजू नये.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे दोन्ही तुकडे मुक्त झाले. दादरा युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी घेतले आणि २ ऑगस्टला सिल्वासा आझाद गोमंतक दलाच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या हाती आली. मुक्तिकार्यात सहभागी झालेल्यांत डावे होते, उजवे होते, कोणत्याच पक्षाचे नसलेलेही होते. श्रेयाचा वाद आजवर चालू आहे. तो येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. महत्त्वाचे आहे ते नंतरचे. मुक्त झालेला हा प्रदेश लगेच भारतात आला नाही. भारत सरकारने तो आणला नाही. पोर्तुगालने १९५५ मध्ये हेगच्या न्यायालयात दावा लावला होता, की दमणहून नगर हवेलीत जाण्याचा वाटेचा हक्क भारत नाकारतो. निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. १९५४ पूर्वी खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट होती, सैन्याला नव्हती. आणि भारताने कोणताही कर्तव्यभंग केलेला नाही.

या सात वर्षांत तेथे कोणाचे राज्य होते? ना पोर्तुगालचे, ना भारताचे. एक प्रशासक आणि लोकांतून निवडलेली वरिष्ठ पंचायत, एवढ्यावर कारभार चालला. पोर्तुगीज तिकिटांवर नवा छाप मारून टपाल चालविले गेले. जगाच्या नकाशावर कोणीही मान्यता न दिलेला, सत्तर-बाहत्तर गावांचा हा देश होता. त्याने स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला नाही, कारण बाजार वापीचा, रेल्वे भारताची आणि सगेसोयरे सीमेच्या दोन्ही अंगांना. वरिष्ठ पंचायतीने १२ जून १९६१ रोजी भारतात सामील होण्याचा ठराव केला. करारावर सही करण्यास पदसिद्ध शासनप्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसासाठी तेथील पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सही केली. घटनेची दहावी दुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून हा मुलूख भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. महाराष्ट्राकडे जावा की गुजरातकडे, हा वाद असतानाही तो कोणाकडेच गेला नाही. उच्च न्यायालय मात्र मुंबईचे मिळाले.

पण प्रिन्स एडवर्ड बेटाला जे सामील होण्याच्या अटींतच मिळाले, ते नगर हवेलीच्या आदिवासीला करारात मिळाले नाही. जमीनसुधारणेचा नियम व्हायला १९७१ उजाडले, म्हणजे विलीनीकरणानंतर दहा वर्षे गेली. आणि अलवाऱ्यांचे खटले त्यानंतर कित्येक दशके न्यायालयांत रेंगाळत राहिले. ज्याने वाटाघाटीच्या टेबलावर मागितले त्याला दोन वर्षांत मिळाले. ज्याने विश्वासाने सही केली त्याला वाट पाहावी लागली. सही करणाऱ्यांची नियत वाईट होती, असा याचा अर्थ नव्हे. सहीच्या वेळी राबणाऱ्याचा प्रश्न कागदावर नव्हता, हा अर्थ आहे.

गोव्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, म्हणून तिच्याकडे अधिक वेळ द्यावयास हवा.

१८ जून १९४६ रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेथपासून १९५५ च्या सत्याग्रहापर्यंत गोवामुक्तीच्या लढ्याशी समाजवादी चळवळीचे नाते रक्ताचे आहे. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधू लिमये, पीटर अल्वारिस ही नावे या वाचकवर्गाला सांगावयास नकोत. डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईने गोवा मुक्त झाला. त्यानंतर उभा राहिलेला प्रश्न भारतात असावे की नसावे हा नव्हता. भारतात कोणत्या घरात असावे, हा होता. दयानंद बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने महाराष्ट्रात विलीन होण्याची मागणी केली, जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने वेगळेपण राखण्याची. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणासाठी फूल, वेगळ्या केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी गोव्याने महाराष्ट्राला नकार दिला.

महाराष्ट्रात या निकालाने अनेकांना धक्का बसला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातून आलेल्या पिढीला तो आपल्याच घरातल्या माणसाने दार लावून घेतल्यासारखा वाटला. मग सोयीस्कर स्पष्टीकरण सापडले, की हे ख्रिस्ती मतांचे काम. आकडे ते मान्य करीत नाहीत. साष्टीने विलीनीकरणाविरुद्ध प्रचंड मतदान केले आणि पेडणे-डिचोलीने बाजूने केले, हे खरे. परंतु गोव्यात हिंदू बहुसंख्य असताना चौतीस हजारांचे मताधिक्य केवळ एका धर्माच्या मतांनी होत नाही. विलीनीकरणविरोधी प्रचाराचे एक प्रमुख हत्यार ‘राष्ट्रमत’ हे दैनिक होते, आणि ते मराठीत निघत होते. मराठी वाचणारा माणूस मराठीतले युक्तिवाद वाचून मराठी राज्याला नको म्हणाला. भाषा एक म्हणून राज्य एक, या सिद्धान्ताला याहून सभ्य शब्दांत उत्तर मिळणे कठीण.

मग दोन्ही बाजूंच्या मतदारांना हवे तरी काय होते? विलीनीकरणाच्या मागे बहुजन समाजातील कुळांची आणि मुंडकारांची आकांक्षा होती. भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराला भाटकाराची मर्जी फिरली की उठावे लागे. सीमेपलीकडे १९४८ चा कूळकायदा आहे, कसणारा मालक होतो आहे, एवढे त्याला ठाऊक होते. महाराष्ट्र हे त्याच्या लेखी भाषेचे नाव नव्हते, कायद्याचे नाव होते. बांदोडकरांनी गावोगाव काढलेल्या मराठी शाळांनी ती आशा पक्की केली. दुसरीकडे माड काढणाऱ्या रेंदेराला महाराष्ट्राच्या दारूबंदीच्या कायद्याची भीती होती. पणजीची राजधानी गेली तर उरतो एक जिल्हा, आणि जिल्ह्याला मंत्रालय मुंबईत, अशी कारकुनाला आणि दुकानदाराला धास्ती होती. बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांनी नोकऱ्या व्यापल्याचा राग होता. कोकणीला मराठीची बोली म्हणून हिणवले जाते, ही जखम होती. ही सारी चिंता पोटाची आणि मानाची आहे. तिला जातीय म्हणणे हा आळस आहे.

येथे प्रिन्स एडवर्ड बेट पुन्हा आठवावे. गोव्याच्या मतपत्रिकेवर दोन पर्याय होते, अटी कोणत्याही नव्हत्या. राजधानीचे काय, नोकऱ्यांचे काय, कोकणीचे काय, ताडीचे काय, यांविषयी व्यासपीठांवर आश्वासने होती, मतपत्रिकेवर नव्हती. व्यासपीठावरचे आश्वासन आणि राज्यघटनेतले शंभर मैल यांत काय अंतर असते, हे टास्मानियाच्या शेतकऱ्याला कळत होते. ते गोव्याच्या रेंदेराला कळणार नाही, असे महाराष्ट्राने का धरून चालावे? महाराष्ट्राने भावनेला हाक दिली. त्याच महाराष्ट्राने विदर्भाला मात्र १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचे अधिवेशन आणि खर्चाचे प्रमाण लेखी कबूल केले होते. ते कितपत पाळले, याचा हिशेब पुढे वि. म. दांडेकर समितीने मांडला आणि १९८४ साली राज्यातील प्रादेशिक अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला. लेखी कबुलीची ही गत, तर तोंडी आश्वासनाविषयी गोवेकराने संशय घेतला, यात नवल ते कोणते?

कौलानंतर जे घडले ते त्याहून विचार करायला लावणारे आहे. विलीनीकरण हरले आणि दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी बांदोडकरांनाच पुन्हा सत्तेवर बसविले. ज्यांना ही विसंगती वाटते त्यांनी मतदाराला ओळखलेले नाही. त्याला कूळकायदा हवा होता आणि पणजीही हवी होती. १९६४ साली गोव्याचा स्वतःचा कूळकायदा झालेलाच होता. १९७५ साली शशिकला काकोडकरांच्या कारकिर्दीत मुंडकारांना हुसकावण्याविरुद्ध संरक्षण मिळाले आणि पाठोपाठ कुळाला जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती आली. ज्या हेतूने बहुजन समाज महाराष्ट्राकडे पाहत होता, तो हेतू महाराष्ट्राविना साधू लागताच विलीनीकरणाच्या मागणीतले वारे निघून गेले. तिचा पराभव मतपेटीने केला, पण तिला निरोप दिला तो या कायद्यांनी. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाला. भारताशी त्याचे ऐक्य या नकाराने तसूभरही सैल झाले नाही, उलट घट्ट झाले, असेच म्हणावे लागेल. विचारले गेले आणि ‘नाही’ म्हणता आले, हा अनुभव पोर्तुगीज राजवटीत कोणालाही मिळालेला नव्हता.

वेस्ट इंडीजमध्ये हे साधले नाही. १९५८ साली दहा ब्रिटिश बेटांचे संघराज्य झाले. जमैकाला वाटू लागले की लहान बेटांचा भार आपल्या अंगावर येणार, लहान बेटांना वाटू लागले की जमैका सारे गिळणार. १९६१ च्या सार्वमतात जमैका बाहेर पडला आणि पुढच्या वर्षी संघराज्यच विसर्जित झाले. क्रिकेटचा संघ तेवढा एक राहिला. आणि एकदा आत आलेला घटक कायमचा समाधानी राहतो, असेही नाही: पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९३३ साली दोनतृतीयांश मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला होता, तो ब्रिटिश संसदेने विचारातच घेतला नाही.

बुवापाड्यात बसून याचा विचार करणाऱ्याला जमैकापर्यंत जाण्याची गरज नाही, हेही खरे. देश आणि नगरपालिका यांची तुलना शास्त्रशुद्ध नव्हे, याची पूर्ण जाणीव ठेवून एक गोष्ट नोंदवावी. १९८३ साली कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा कल्याण-डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि बदलापूरही त्यात घालण्यात आले. मोठी संस्था, मोठे उत्पन्न, मोठी कामे, हा हिशेब वरून पाहता बरोबर होता. खालून पाहणाऱ्याचे प्रश्न टास्मानियाचेच होते: येथे गोळा होणारा कर येथे किती परत येणार, पाणी आधी कोणाला, आणि तक्रार घेऊन जायचे तर किती मैल? १९९२ मध्ये अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर बाहेर पडले आणि आपापल्या नगरपालिका घेऊन बसले. कल्याण-डोंबिवलीच्या सीमेवरील सत्तावीस गावांचा प्रवास याहून वळणांचा आहे. १९८३ मध्ये ती आत घेतली गेली, २००२ मध्ये बाहेर काढली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. त्यांतील अठरा गावे वेगळी करण्याचा निर्णय २०२० साली सरकारने घेतला आणि वर्ष सरण्यापूर्वी उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

त्याच २०२० सालच्या २६ जानेवारीला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश मिळून एक झाले. एकेकाळी दमणहून सिल्वाशाला जाण्याच्या वाटेसाठी पोर्तुगालने हेगपर्यंत दावा नेला होता; आता दमण ही दोन्हींची राजधानी आहे. १९६१ साली ठराव करायला तेथे वरिष्ठ पंचायत होती. या वेळचे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत मंजूर झाले. त्या प्रदेशांना स्वतःची विधानसभा नाही, त्यामुळे ठराव करायला तेथे कोणी नव्हते.